भरून पावले

आमच्या भोरच्या घरात अब्बांची एक पत्र्याची ट्रंक आहे. अब्बा गेल्यावर ती उघडली, तेव्हा ओळंबा, जुनी थापी, दोन-तीन मापाच्या वह्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक स्टॅम्प पेपर निघाला. पाच रुपयांचा. अक्षर माझंच होतं. 1986 च्या मे महिन्यातलं, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेल्या मुलाचं, टपोरं आणि वळणदार.

अब्बा गवंडी होते. पुढे हाताखाली दहा-बारा माणसं घेऊन छोटी कामं अंगावर घ्यायला लागले. लोक त्यांना ठेकेदार म्हणायचे, पण ते स्वतः सकाळी थापी घेऊनच उभे असायचे. त्या वर्षी पानशेतच्या बाजूला पुण्याच्या एका गृहस्थांच्या दोन मजली बंगल्याचं काम त्यांच्याकडे होतं. वरच्या सज्जाचं प्लॅस्टर चालू असताना परांचीचा सुंभ सुटला, फळी निसटली आणि वेल्ह्याकडचा एक बिगारी खाली दगडांवर पडला. वय तीस. दुधाच्या गाडीतून त्याला पुण्याला नेलं, पण दवाखाना यायच्या आधीच तो गेला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गावातली चार जाणती माणसं बसली. अब्बांनी घरातले आणि उसने मिळून तीन हजार रुपये आणि तांदळाचं एक पोतं द्यायचं ठरलं. "लिहून घ्या मिस्त्री, उद्या लफडं नको," असं कुणीतरी म्हणालं. लिहायला मी होतो. एकाने मजकूर सांगितला, मी लिहिला. पती स्वतःच्या चुकीने पडून मयत झाले, ठेकेदारांनी माणुसकीच्या नात्याने रक्कम दिली, ती भरून पावले, यापुढे काहीएक तक्रार नाही. त्या बाईच्या कडेला लहान मुलगा होता. वाचून दाखवू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मिस्त्रीभाऊंच्या लेकरानं लिवलंय, म्हंजी बराबरच आसंल." आणि तिने अंगठा उठवला.

पुढे मी बी.ए. झालो, कविता लिहायला लागलो, माझ्या अक्षराचं आणि शब्दांचं कौतुक झालं. पण माझ्या हातून लिहिलेल्या ज्या पहिल्या मजकुराने कुणाच्या आयुष्यात काही घडवलं, तो हा मजकूर. तो कितपत बरोबर होता, हे शोधताना मला आपल्या मुलखाचा एक वेगळा इतिहास भेटला. आज तो सांगायचा आहे.

सुरुवात शब्दांपासून करतो, कारण तोच माझा धंदा. 'भरपाई' हा शब्द आज आपण नुकसान भरून देण्यासाठी वापरतो. जुन्या व्यवहारात मात्र भरपाई म्हणजे पूर्ण रक्कम मिळाल्याची पावती, भरून पावल्याचा कागद. म्हणजे हा शब्द आधी देणाऱ्याच्या सुटकेचा होता. 'नुकसान' अरबीतून आला. 'विमा' फारसीतल्या 'बीमा'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी 'बीम' म्हणजे भीती आहे असं मानतात. भीती एकट्याने बाळगायची नाही, वाटून घ्यायची, एवढाच विम्याचा अर्थ.

कामावर मेलेल्याच्या घराकडे पाहायचं, ही कल्पना आपल्याकडे साहेबाने आणली असं समजायचं कारण नाही. वेल्ह्यातला राजगड ही शिवाजी महाराजांची राजधानी. सभासदाच्या बखरीत अफझलखानाच्या प्रसंगानंतरची हकीकत येते. जखमी झालेल्यांना जखम पाहून होन दिले, पडलेल्यांची मुलं चाकरीत घेऊन सांभाळली आणि ज्यांना मुलं नव्हती त्यांच्या बायकांना अर्धं वेतन चालू केलं. पुढे मराठ्यांच्या दफ्तरात यालाच 'बालपरवेशी' हा शब्द रूढ झालेला दिसतो. कामी आलेल्याच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी दिलेली नेमणूक, असा त्याचा अर्थ. यातही परवरिश हा फारसी शब्द मराठी होऊन बसला आहे. पण ही व्यवस्था तलवार धरणाऱ्यांसाठी होती आणि ती धन्याच्या मर्जीवर होती. तटाचा दगड चढवताना पडलेल्या पाथरवटाला ती मागता येईल, असा कायदा नव्हता.

भोरजवळचं भाटघर धरण आपल्या भागातलं पहिलं मोठं सरकारी बांधकाम. वेळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात व्हाइटिंग नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली तिथे जुनं धरण झालं. नंतर ते अपुरं पडलं म्हणून त्याच्या खालच्या अंगाला नवं, मोठं धरण बांधलं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं नाव दिलेलं हे दगडी धरण 1920 च्या दशकात पुरं झालं. आज त्याच्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. निरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडचा मुलूख हिरवा झाला आणि आमच्या बाजूची गावं पाण्याखाली गेली. धरणाला दोन साहेबांची नावं लागली. दगड वाहणाऱ्यांचं नाव कुठल्या पाटीवर वाचायला मिळत नाही.

त्या काळात कामावर माणूस मेला तर काय व्हायचं? विलायतेतल्या कोर्टाने 1837 साली एक पायंडा पाडला होता. एका खाटकाचा नोकर मालकाच्या गाडीतून माल घेऊन चालला होता. गाडीवर वजन जास्त झालं, गाडी मोडली आणि त्याची मांडी मोडली. ज्युरीने त्याला शंभर पौंड देवविले. वरच्या कोर्टाने ते नाकारलं. नोकराने धोका ओळखूनच काम पत्करलेलं असतं, असा त्या निकालाचा रोख होता. प्रीस्टली विरुद्ध फाउलर हा तो खटला. पुढची साठ वर्षं मालकाची चूक सिद्ध करा, मगच पैसे मागा, आणि चूक सोबतच्या कामगाराची असेल तर मागूच नका, अशी रीत तिथे राहिली. आमच्या स्टॅम्प पेपरवरचं 'स्वतःच्या चुकीने' हे वाक्य त्याच जातकुळीचं.

ही रीत मोडायला दोन ठिकाणी एकाच वर्षी सुरुवात झाली, याची मला गंमत वाटते. 1884 साली जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा केला. चूक कुणाची हे न पाहता जखमी कामगाराला पैसे, आणि त्यासाठी मालकांनी एकत्र भरायची वर्गणी. त्याच 1884 च्या सप्टेंबरात मुंबईला परळमध्ये गिरणी कामगारांची सभा भरली. बोलावणारे होते 'दीनबंधू'चे संपादक, जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचं घराणं आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, या मागण्या आपण शाळेत वाचतो. पण त्यात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

रविवारची सुटी 1890 साली मिळाली. भरपाईची मागणी मात्र पडून राहिली. लोखंडे 1897 सालच्या प्लेगमध्ये गेले. त्याच वर्षी विलायतेत कामगार भरपाईचा कायदा झाला. हिंदुस्थानात तो यायला 1923 उजाडलं आणि 1 जुलै 1924 पासून तो लागू झाला. मागणीपासून अंमलापर्यंत चाळीस वर्षं. तेव्हा कामगारांच्या वतीने कायदेमंडळात बसणारे ना. म. जोशी हेही आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे.

भाटघरचं धरण पुरं होत आलं होतं त्याच सुमाराला हा कायदा आला. पण भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान होतं आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानात आपोआप चालत नसे. 1948 साली भोर मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा आम्ही या कायद्याच्या छत्राखाली आलो. कागदावर आलो म्हणू. कारण 1986 साली, म्हणजे त्यानंतर अडतीस वर्षांनी, आमच्या घरातल्या बैठकीत बसलेल्या एकालाही या कायद्याचं नाव माहीत नव्हतं.

आता कायदा काय म्हणत होता ते सांगतो, म्हणजे माझ्या कागदाची किंमत कळेल.

पहिली गोष्ट, चूक कुणाची हा प्रश्नच नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली की मालक देणेकरी. त्या वेळी गावात कुजबुज झाली होती की तो सकाळी थोडी घेऊन आला होता. खरं-खोटं अल्लाला ठाऊक. पण मृत्यू आला असेल तर दारू प्यायल्याची सबबसुद्धा मालकाला वाचवत नाही.

दुसरी गोष्ट, मृत्यूची भरपाई परस्पर बायकोच्या हातात ठेवून मालक मोकळा होत नाही. ती कामगार भरपाई आयुक्तांकडे जमा करायची आणि त्यांनी वारसांना वाटायची. यात शहाणपण आहे. चार माणसांच्या बैठकीत दुःखाने बधिर झालेल्या बाईला किती आणि काय समजणार, हे कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखलं होतं.

तिसरी गोष्ट, कामगाराला आपला हक्क सोडून देता येत नाही. असा करार केला तरी तो रद्दबातल. म्हणजे माझ्या सुंदर अक्षरातला तो कागद कायद्याच्या लेखी कोरा होता. ती बाई दुसऱ्या दिवशी आयुक्तांकडे गेली असती तरी चाललं असतं. अर्ज करायला दोन वर्षांची मुदत होती. पण अंगठा उठवल्यावर सगळं संपलं, असंच तिला वाटलं. आम्हालाही तसंच वाटलं.

आणि चौथी गोष्ट, रक्कम. 1984 च्या दुरुस्तीनुसार मृत्यूसाठी मासिक मजुरीच्या 40 टक्क्यांना वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं आणि निदान 20,000 रुपये तरी द्यायचे. अब्बांच्या वहीत त्याची रोजी 18 रुपये आहे, महिन्याचे दिवस पंचवीस. म्हणजे 450 रुपये. त्याचे 40 टक्के 180. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा 207.98. गुणाकार होतो 37,436 रुपये. अब्बांनी दिले 3,000. मी हा हिशोब तीनदा केला.

याच कायद्याच्या परिशिष्टात आणखी एक तक्ता आहे. कुठला अवयव गेला की कमाईची ताकद किती टक्के गेली, ते त्यात दिलेलं आहे. हाताचा अंगठा गेला तर 30 टक्के. हे वाचताना मला त्या बाईचा शाईत बुडवलेला अंगठा आठवला. तो शाबूत होता, पण आमच्या घरात तो लुटला गेला होता.

इथे कुणी म्हणेल, कवी स्वतःच्या बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतोय. तसं नाही. घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी, ही शिकवण अब्बांनी जन्मभर पाळली. बाजाराच्या आदल्या दिवशी माणसांचे पैसे चुकते केल्याशिवाय ते जेवत नसत. घामाचा हिशोब त्यांना पाठ होता. रक्ताचा हिशोब त्यांना कुणी सांगितला नव्हता. आणि सांगितला असता तरी 37,436 रुपये त्यांनी कुठून आणले असते? आमचं राहतं घर विकलं असतं तरी पुरले नसते.

हाच या कायद्यातला छोट्या माणसाचा पेच आहे. गिरणीमालकाला समोर ठेवून कायदा झाला, पण तो सात माणसांच्या ठेकेदारालाही तसाच लागतो. एखादी कंपनी, बिल्डर किंवा हॉटेलवाला आपल्या धंद्यासाठी ठेकेदाराकडून काम करून घेत असेल, तर ठेकेदाराच्या मजुराचीही भरपाई त्या मूळ मालकाकडून मागता येते. मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. पण स्वतःला राहायला बंगला बांधणारा गृहस्थ यात येत नाही, कारण बंगला हा त्याचा धंदा नाही. तिथे सगळा भार ठेकेदारावर, जो स्वतःच परांचीवर उभा असतो. आणि आमच्या भोर-वेल्ह्यात धरणांच्या काठाने जे बंगले आणि फार्महाऊस उभी राहिली, त्यातली पुष्कळ कामं अशाच ठेकेदारांनी केली आहेत.

बिस्मार्कच्या कायद्यातली खरी गोम इथेच होती. त्याने हक्क दिला आणि तो हक्क फेडायला वर्गणीही लावली. आपल्या 1923 च्या कायद्याने हक्क दिला, पण विमा घेणं ठेकेदाराच्या मर्जीवर सोडलं. 1948 सालच्या राज्य कामगार विम्याच्या कायद्याने कारखान्यातल्या कामगारांची सोय झाली. परांचीवरचा माणूस त्यातून बाहेरच राहिला. नैमित्तिक कामावरच्या मजुराला भरपाईच्या कायद्यातून वगळणारी पळवाट होती, ती 2000 साली बुजवली. 2009 च्या दुरुस्तीने कायद्याच्या इंग्रजी नावातला 'वर्कमन' हा पुरुषी शब्द जाऊन 'एम्प्लॉयी' आला. डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बायका कायद्यात आधीही होत्या, आता नावातही आल्या.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 चा कायदा तिच्यात विसर्जित झाला. गाभा तोच राहिला. चूक पाहायची नाही, हक्क सोडता येत नाही, मृत्यूची रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची. एक नवी गोष्ट स्पष्ट शब्दांत आली. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरायचा. पाबे घाटातून पिकअपमध्ये उभ्याने जाणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचं मोल कळेल.

रक्कमही बदलली. मृत्यूसाठी आता मासिक मजुरीचे 50 टक्के धरतात. हिशोबाला घ्यायच्या मजुरीची मर्यादा 2020 च्या जानेवारीत 15,000 रुपये झाली. त्या हिशोबाने तीस वर्षांच्या माणसाचे 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये होतात. कुठला छोटा ठेकेदार हे खिशातून देईल? तो पुन्हा स्टॅम्प पेपरच शोधेल. म्हणून कामगार भरपाईची पॉलिसी. हप्ता वर्षभराच्या एकूण मजुरीवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. मजुरी खरी सांगायची, हजेरी नीट ठेवायची आणि हाताखाली पोटठेकेदार असेल तर त्याची माणसंही त्यात घालून घ्यायची. परांचीवरची वीट रस्त्याने जाणाऱ्याच्या डोक्यात पडली तर ही पॉलिसी चालत नाही. त्या जबाबदारीचा विमा वेगळा. आणि 2015 सालची वर्षाला वीस रुपयांची सुरक्षा विमा योजना मजुराने जरूर घ्यावी, पण तिचे दोन लाख हे त्याचे स्वतःचे. त्यामुळे ठेकेदाराची जबाबदारी फिटत नाही.

तो स्टॅम्प पेपर घेऊन मी मागच्या वर्षी वेल्ह्याला गेलो. 2024 साली मंत्रिमंडळाने या तालुक्याला राजगड हे नाव द्यायचं ठरवलं, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच बसलेलं आहे. ती बाई आता नाही. तेव्हा कडेवर असलेला मुलगा चाळिशी ओलांडून गेला आहे आणि स्वतःच स्लॅबची कामं घेतो. आठ माणसं आहेत त्याच्याकडे. ओट्यावर बसून मी त्याला कागद वाचून दाखवला, आईला वाचून दाखवायचा राहिलेला. मग कायदा सांगितला, हिशोबही सांगितला. तो रागावेल, अशी माझी तयारी होती. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आयनं तांदळाचं लई डाव सांगितलं हुतं. पैशाचं कधी बोलली न्हाई." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मंग आता माज्या आठ माणसांचं काय करायचं, सर?"

त्याच्या घरात वही होती, पण हजेरी नव्हती. नुसते उचलीचे आकडे. मी नवं पान काढलं. तो नावं सांगत गेला, वय, गाव, रोजी, आणि मी लिहीत गेलो. आठवं नाव झाल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "माजं बी लिवा, मी बी चढतो वर." ते पान घेऊन आम्ही दोघं विम्याच्या माणसाकडे गेलो. मालकाची पॉलिसी वेगळी निघते, हे तिथे कळलं. त्याचा कागद वेगळा केला आणि दोन्ही अर्ज भरले.

परत येताना भाटघरच्या भिंतीपाशी गाडी थांबवली. अब्बांचा कागद माझ्या पिशवीत होता. तो फाडून पाण्यात टाकावा, असं क्षणभर वाटलं. टाकला नाही. तो माझ्या अक्षरातला आहे, तो मलाच सांभाळायचा आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)